पाणी कोणाचं, ते आधी शोधा

वाचकाचं पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात): "मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. आम्ही ढिवर. आजोबा गावच्या मामा तलावात मासे मारायचे. वडील मजुरीसाठी नागपूरला गेले आणि मच्छीमार सोसायटीतलं नाव सुटलं ते सुटलंच. आता मी गावात परत आलोय. दोन तंगूस (नायलॉनची) जाळी विकत घेतली, आजोबांच्या हातचे बांबूचे सापळे माळ्यावर होते ते दुरुस्त केले. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा सांडव्याखाली सापळे लावले. सोसायटीची माणसं आली, सापळे आणि जाळी दोन्ही उचलून नेली आणि पोलिसात देऊ म्हणाली. अध्यक्ष म्हणतात, नवे सभासद घेणं बंद आहे. एक संचालक म्हणतो, हंगामाचे काही पैसे हातावर ठेव, कोणी बोलणार नाही. आणि एक व्यापारी म्हणतो, दहा पोरं गोळा कर, नवी संस्था काढू, पैसा सगळा माझा. मला यातलं काही नको. मला माझ्या नावाने परवानगी हवी आहे. अर्ज कुठे करू?"

उत्तर:

तुम्हाला यातलं काही नको आहे, हे वाचून फार बरं वाटलं. म्हणूनच कडू भाग आधी सांगून टाकतो. ज्या तलावाचा मासेमारीचा ठेका एखाद्या संस्थेकडे चालू आहे, त्या तलावात जाळं टाकायची वेगळी वैयक्तिक परवानगी कोणतंही सरकारी कार्यालय तुम्हाला देणार नाही. आपल्याकडे परवानगी पाण्यामागे असते, जाळ्यामागे नाही. जाळं तुमचं, सापळा आजोबांचा, पण पाण्यातला मासा ठेका असेपर्यंत ठेकेदार संस्थेचा. बंदिस्त तलावातली दुसऱ्याची मासळी काढली तर चोरीची तक्रार होऊ शकते. म्हणजे त्या दिवशीची धमकी अगदीच पोकळ नव्हती.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी हे पाणी कोणाचं आहे ते कागदावर शोधा. तुम्ही त्याला मामा तलाव म्हणता, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली आणि बहुतेक तलाव सरकारजमा झाले. पुढे त्यांची वाटणी झाली. १०० हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे गेले, त्याहून मोठे राज्याच्या जलसंपदा विभागाकडे. इटियाडोहसारख्या मोठ्या जलाशयांच्या मासेमारीचा कारभार मत्स्यव्यवसाय विभाग बघतो, जिल्हा परिषदेच्या तलावांचा ठेका जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या बाजूने होतो, आणि गावतळं ग्रामपंचायतीचं असेल तर ग्रामपंचायत ठरवते. शेतातली बोडी, म्हणजे लहान तळं, खाजगी असते. तिथे मालकाने हो म्हटलं की पुरे, मात्र ते 'हो' दोन ओळींत लिहून घ्या. भाऊबंदकीत उद्या दुसरा हिस्सेदार उभा राहतो आणि तोंडी परवानगीला कोणी विचारत नाही.

तलाठ्याकडे तलावाच्या गट नंबरचा सातबारा मागा. मग जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आणि पंचायत समितीत माहिती अधिकाराचा एकेक अर्ज द्या. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. 'तलावाची सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, त्याला उत्तरही तसंच मोघम येतं. नेमकं विचारा: ठेका कोणाच्या नावे आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ठेक्याची रक्कम भरल्याच्या पावत्या, दरवर्षी किती मत्स्यबोटुकली (बोटभर वाढलेली माशांची पिल्लं) सोडली त्याची नोंद, आणि करारनाम्याची साक्षांकित प्रत. आणखी एक प्रश्न घाला, तुमच्या प्रकरणात तोच कळीचा आहे: सांडव्याखालचा नाला ठेक्याच्या हद्दीत येतो की नाही? सोसायटीची माणसं नाल्यालाही आपलंच पाणी म्हणत असतील, पण करारनाम्यात जे लिहिलं असेल तेच खरं.

एवढं हातात आलं की खरा रस्ता दिसेल. माझ्या मते तो सोसायटीच्याच दारातून जातो.

'नवे सभासद घेणं बंद आहे' असं म्हणायचा अधिकार अध्यक्षांना नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ खुल्या सभासदत्वाचं आहे. उपविधीत (संस्थेच्या नियमावलीत) बसणाऱ्या माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. तुम्ही संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहता, प्रत्यक्ष मासेमारी करता, ती तुमची पिढीजात उपजीविका आहे. मच्छीमार संस्थेचे उपविधी साधारण एवढंच मागतात. तरीही उपविधीची प्रत बघून घ्या. संस्था देत नसेल तर निबंधकांच्या कार्यालयात मिळते. मच्छीमार संस्थांचं काम सहकार खात्यातला पदुमचा सहायक निबंधक बघतो. पदुम म्हणजे पशुसंवर्धन, दुग्ध आणि मत्स्य. संस्थेला माहिती अधिकार थेट लागू होईलच असं नाही, पण निबंधकांच्या दप्तरात असलेले संस्थेचे कागद तुम्ही त्या कायद्याने मागू शकता. सभासदांची यादीही तिथूनच मागा. ती वाचताना नीट बघा: जी माणसं कधी पाण्यात उतरत नाहीत, गाव सोडून गेलीत किंवा हयात नाहीत, त्यांची नावं अजून चालू आहेत का? 'जागा नाही' या उत्तराला त्याहून चांगलं प्रत्युत्तर नाही.

मग अर्ज. दोन प्रती करा. सोबत रहिवासी दाखला, जातीचा दाखला, आधार, आणि वडिलांचं किंवा आजोबांचं जुनं सभासदत्व दाखवणारं काही असेल तर ते. जुनं भागपत्र, लाभांशाची चिठ्ठी, मासळी वाटपाच्या वहीतली नोंद, काहीही चालेल. घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडून बघा. ज्याला आपण रद्दी म्हणतो त्यातच असे कागद सापडतात. एक प्रत सचिवाला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. ही पोच जपून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्या तारखेवर चालतं. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवलाच नाही, तर कलम २२ प्रमाणे तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर दोन महिन्यांच्या आत निबंधकांकडे अपील करता येतं. सचिवाने अर्ज घ्यायलाच नकार दिला तर? हे फार वेळा होतं, आणि इथेच बहुतेक माणसं हात टेकतात. टेकू नका. त्याच कलम २३ मध्ये सोय आहे: अर्ज आणि भागाची रक्कम थेट निबंधकांकडे भरायची, त्यांनी ती ३० दिवसांत संस्थेकडे पाठवायची, आणि त्यानंतर ६० दिवस संस्था गप्प बसली तरी तुम्ही सभासद.

हे सगळं कोर्टकचेरीसारखं वाटेल. पण कागद पुढे करण्याआधी अध्यक्षांच्या घरी एकदा जाऊन या, गावातल्या एखाद्या जुन्या, मानाच्या ढिवराला सोबत घेऊन. तुमच्या आजोबांबरोबर ज्याने महाजाळ ओढलं असेल असा कोणीतरी असेलच. सोसायटीची बाजूही ऐकून घ्या. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या नदीत वीण घालतात, तलावाच्या साचलेल्या पाण्यात नाही. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं) आणायचे, वाढवायचे, बोटुकली झाली की सोडायची. त्यासाठी सभासदांनी आधी वर्गणी काढलेली असते, कधी कर्ज. राखणीला रात्री आळीपाळीने जागलेले असतात. ज्याने यातलं काही केलं नाही तो आयत्या वेळी सापळा घेऊन आला, असं त्यांना वाटलं तर तो राग मला समजतो. सभासद होताना 'मी वर्गणी देईन, राखणीला येईन' असं तुम्ही आपण होऊन म्हणालात तर निम्मं भांडण तिथेच संपेल.

आता सांडव्याचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच.

पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला पाणी येतं तेव्हा मरळ, शिंगी, वाम आणि कितीतरी बारके गावठी मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. बांध्यांत, तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात, गवतात अंडी घालायला. त्या दिवशी धरलेली मादी दाबून बघा, गाबोळीने पोट तट्ट असतं. बांबूच्या सापळ्याची रचना तुम्हाला मी सांगायला नको: तोंडाशी कामट्या आत वळवलेल्या, मासा आत शिरतो तेव्हा त्या बाजूला सरतात, आणि परत फिरला की टोकं त्याच्या तोंडावर येतात. नाल्याच्या अरुंद मानेवर या काठापासून त्या काठापर्यंत असे सापळे ओळीने बसवले की एकही मासा वर जात नाही. तुमच्या आजोबांच्या काळात तलाव जास्त होते, माणसं कमी, आणि बहुधा एका बाजूने वाट मोकळी ठेवायची रीत होती. काठच्या म्हाताऱ्यांना विचारा, ते सांगतील. आता त्याच नाल्यावर बांधकामं झाली, शेतातली औषधं पाण्यात उतरली. जे गावठी मासे उरलेत त्यांची वीण तरी सुखरूप व्हायला हवी.

कायदाही इथे सापळ्याकडे जाळ्यापेक्षा वेगळ्या नजरेने बघतो. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यात जमिनीत रोवलेलं किंवा एका जागी स्थिर केलेलं जाळं, पिंजरा, सापळा यांची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि अशा साधनांवर, जाळ्याच्या प्रकारावर आणि आसाच्या (जाळ्याच्या घराच्या) मापावर नियम करायचा अधिकार सरकारला दिला आहे. फेक जाळ्याने माणूस एका वेळी एका जागी मारतो. स्थिर सापळा रात्रंदिवस, मालक झोपलेला असतानाही मारत राहतो. शिवाय तलाव भरून सांडवा वाहू लागला की सोसायटीने सोडलेली बोटुकलीच त्याच्यावरून खाली येते. तुमच्या सापळ्यात त्या दिवशी गावठी मासे होते की बोटुकली, हे पत्रात नाही. बोटुकली असेल तर त्यांच्या रागाला आणखी कारण होतं.

तेव्हा सभासद झालात तरी जून ते ऑगस्ट सांडव्यावर आणि नाल्याच्या मानेवर सापळा लावू नका. पाणी ओसरताना, दिवाळीनंतर, तलावाच्या काठच्या उथळ भागात लावा, तेही सोसायटीच्या बैठकीत सांगून. आणि सापळा रोज उपसा. पाण्याखाली अडकलेलं कासव श्वास न मिळून मरतं. गोड्या पाण्यातली कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. जाळ्यात आलं तर तिथल्या तिथे सोडायचं, घरी न्यायचं नाही, विकायचं तर नाहीच.

तंगूस जाळ्याबद्दलही एक विचारतो: त्याची आस किती आहे? जाळं ओलं करा, एक घर ताणून धरा, गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत पट्टी लावा. दुकानदार जे सांगतो आणि पट्टी जे सांगते त्यात फरक निघतो. करारनाम्यात आसाची अट असेल तर ती पाळा. नसली तरी ज्यात बोटभर रोहू अडकतो ते जाळं पाण्यात नेऊ नका. विष, सुरुंगाची दारू किंवा विजेचा करंट वापरायला कोणी सुचवलं तर त्या माणसाची संगतच सोडा. दारू आणि विष १८९७ पासून गुन्हा आहेत, आणि करंटने माशाबरोबर माणसंही मेली आहेत.

पैसे मागणाऱ्या संचालकाबद्दल फार लिहीत नाही. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्याने दिलेला शब्द दुसऱ्या संचालकाला बांधत नाही, आणि सापडलात तर तो ओळखही दाखवणार नाही.

व्यापाऱ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. कायद्याने दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं मिळून संस्था काढू शकतात, तेवढं तो खरं बोलतोय. पण पुढचं तो बोलला नाही. बीज त्याचं, जाळी त्याची, ठेक्याची रक्कम त्याने भरलेली, म्हणजे मासळीचा भाव तोच ठरवणार आणि वजनही त्याच्याच काट्यावर होणार. संस्थेच्या नावाचा शिक्का तुमचा, आणि तुम्ही दहाजण स्वतःच्या तलावावर रोजंदारीने. ठेका पोटठेक्याने दुसऱ्याला देता येत नाही अशी अट करारात असते. उघडकीस आलं तर ठेका जातो आणि सह्या तुमच्या असतात, व्यापाऱ्याची कुठेच नसते. विदर्भातल्या कितीतरी तलावांवर हेच चाललंय आणि त्याने ढिवर-भोई समाजाचं जे नुकसान झालंय त्याचा मला मनापासून संताप येतो. ज्या सोसायट्या मुळात आपल्याच लोकांनी, आपल्याच हक्कासाठी उभ्या केल्या, त्या अशा पोकळ झाल्या. तुमच्या सोसायटीतही पडद्यामागे असा कोणी असू शकतो. ठेका रकमेच्या पावत्या मागायला सांगितल्या त्या त्यासाठीच.

आणखी एक वाट आहे, लांबची, पण भक्कम. तलाव वनजमिनीत किंवा तिला लागून असेल तर २००६ चा वनहक्क कायदा बघा. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यांतली इतर उपज स्पष्ट लिहिलेली आहे. हा हक्क एकट्याचा नसतो, गावाचा असतो. ग्रामसभा वनहक्क समिती नेमते, दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. ढिवर महाराष्ट्रात भटक्या जमातीत येतात, अनुसूचित जमातीत नाही. म्हणून तुम्हाला 'इतर पारंपरिक वननिवासी' या नात्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून जंगलावर उपजीविका असल्याचं दाखवावं लागेल. जुन्या गॅझेटिअरमधल्या नोंदी, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद), वयस्कर माणसांचे जबाब हे पुरावे धरले जातात. विदर्भात वाजिब-उल-अर्ज नावाचाही एक दस्त असतो. सरकारी नसलेल्या पाण्यातले मासेमारीचे रिवाज त्यात नोंदवायची तरतूद जमीन महसूल संहितेत आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तुमच्या गावाचे हे दोन्ही कागद मागा. गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या अनुसूचित क्षेत्रातले वाचक हे वाचत असतील तर त्यांच्या ग्रामसभेला पेसा कायद्याखाली लहान पाणवठ्यांच्या नियोजनाचा अधिकार आधीच आहे. गोंदिया-भंडाऱ्यात अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून तुम्हाला ती सोय नाही. आणि तलाव राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीत असेल, जे नवेगावच्या बाजूला शक्य आहे, तर वनखात्याला विचारल्याशिवाय पाण्यात पायही घालू नका.

उरली नेलेली जाळी आणि सापळे. संस्थेला कोणाचा माल स्वतः जप्त करायचा अधिकार नाही. तक्रार असेल तर त्यांनी पोलिसांकडे किंवा मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याकडे जायचं, आणि पंचनामा व्हायला हवा. तुम्ही मात्र लगेच उलटी तक्रार ठोकू नका. अध्यक्षांना साधं पत्र लिहा: अमुक तारखेला अमुक ठिकाणाहून माझी दोन तंगूस जाळी आणि इतके सापळे आपल्या सभासदांनी नेले, ते परत मिळावेत, यापुढे परवानगीशिवाय मी ठेक्याच्या हद्दीत साधनं लावणार नाही. या शेवटच्या वाक्याने तुमचं काही जात नाही आणि त्यांच्या हातातलं भांडण निसटतं. त्याचीही पोच घ्या. सभासदत्वाचा अर्ज त्याच दिवशी देऊ नका, आठवडाभर थांबा. जाळी परत मिळाली की मग जा.

ठेक्याचं वर्ष साधारण जुलै ते जून असतं. करारनाम्यात मुदत संपायची तारीख जवळ असेल तर घाई करा, कारण नूतनीकरणाच्या वेळी सभासदांची यादी तपासली जाते आणि तेव्हा तुमचा अर्ज दप्तरात असणं फार कामाचं. सभासद झालात की मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात नाव घालायला सांगा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाखांचं संरक्षण आहे, आणि रात्री-बेरात्री पाण्यात उतरणाऱ्याच्या घरच्यांना त्याची गरज असते.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं की करारनाम्याची प्रत मला पाठवा. सांडव्याखालच्या नाल्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचून पुढचं कळवतो.